डावा खांदा दीड इंच खाली

माझी मावशी कपडे शिवते आणि तिने एक पुस्तक लिहिलंय. पुस्तक म्हणे प्रेरणेवर पूर्ण होतं. थापा आहेत सगळ्या. मी तिच्या शेजारी बसून ते टाइप केलंय, म्हणून सांगते. ते गरम पाण्याच्या टबावर, खाऱ्या शेंगदाण्यांवर आणि इस्त्रीवर झालं. उरलेलं झालं सुडावर.

बावीस वर्षं ती शिवणवर्गात कापणी शिकवत होती. वर्गाच्या प्रमुख मॅडमनी एकदा तिच्या टिपणांच्या वह्या ‘सहज चाळायला’ म्हणून नेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं गुळगुळीत पुस्तक झालं. कव्हरवर मॅडमचा फोटो. आत प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत, ‘आमच्या एका मदतनीस बाईंचेही आभार.’ मावशीने ती ओळ मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली.

“मदतनीस! हिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि मी मदतनीस?”

त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. कव्हरवर स्वतःचं नाव पाहिल्याशिवाय डोळे मिटणार नाही, असं तिने माझ्या आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, “आधी लिही तर.”

लिहिणं काही सोपं नव्हतं. जन्मभर उभं राहून काम केलेल्या बाईला खुर्ची चावते. मग ती कापणीच्या टेबलाशी उभी राहून लिहू लागली, आणि पाय दुखायला लागले की स्टुलावर टेकून टबात पाय सोडायची. ओळीला एक शेंगदाणा, पानाला एक चहा. रेडिओवर बाजारभाव लावून ठेवायची. तिला ना शेत ना दुकान, पण कांदे चढले, बटाटे उतरले असं कुणी संथपणे सांगत असलं की तिचा हात चालायचा. चार वाजता शेजारीण सुनेची गाऱ्हाणी घेऊन यायची. ती ऐकून झाली की मावशी अगदी ताजीतवानी. आणि अडलं की इस्त्री. आधी रुमाल, मग उशीचे अभ्रे, मग पडदे. घरातलं संपलं तेव्हा शेजारणीचे कपडे मागून आणले. ती बिचारी मावशीला परोपकारी समजत होती.

साठाव्या पानावर गाडी रुतली ती रुतलीच. खांद्यांचं प्रकरण. दोन खांदे सारखे नसतील तर काय करायचं, हे दाखवायला नमुन्याचं माप हवं होतं, आणि मनाने रचलेलं माप तिला पटेना. शेंगदाणे संपले, टबातलं पाणी तीनदा बदललं, अख्ख्या इमारतीची इस्त्री झाली, तरी पान कोरंच. असे दोन महिने गेले. हे पुस्तक आता होत नाही, असं मी आईला हळूच सांगूनही टाकलं.

मग एका दुपारी तिने गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली आणि मॅडमचं पान उघडलं. बारा वर्षं मॅडमचे कोट तीच शिवत होती. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली होता. मावशी आतून थरावर थर देऊन तो असा उचलायची, की वर्गात कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही.

मी चपापले. मावशीचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते: कात्री हरवली तरी चालेल, गिऱ्हाइकाचं माप बाहेर जाता कामा नये.

“मावशी, हे चालेल का गं?”

“नाव कुठे घालतेय मी?” ती म्हणाली. “तिनेही माझं नाव घातलं नव्हतं.”

मला हसू फुटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. मी आनंदाने टाइप केलं. त्यानंतर तिला शेंगदाणे लागले नाहीत की रेडिओ लागला नाही. टबातलं पाणी गार व्हायचं तरी हिला पत्ता नसायचा. पाठ, बाही, गळा, प्रत्येक प्रकरणात तोच देह. सात आठवड्यांत पुस्तक संपलं आणि एका छोट्या छापखान्यातून बाहेर पडलं. कव्हरवर तिचं नाव, चांगलं ठसठशीत.

तोवर मॅडमचं पुस्तक तोंडावर आपटलं होतं. शिलाईसाठी कडेने जास्तीचं कापड सोडावं लागतं. ते किती, हे मावशीने टिपणांत कधी लिहिलंच नव्हतं, तिच्या हाताला ते ठाऊक होतं. मॅडमनी जन्मात एक तरी सदरा कापला असता तर चूक ध्यानात आली असती. नक्कल करायलाही अक्कल लागते. त्यांच्या पुस्तकावरून शिवलेलं काहीच कुणाच्या अंगात शिरेना. पालकांनी आरडाओरडा केला आणि संस्थेने मावशीचं पुस्तक लावलं. पहिल्या तासाला तिला मानाने बोलावलं. मीही गेले. हा तमाशा मी सोडणार होते होय?

तीस मुली तपकिरी कागद पसरून बसल्या होत्या. मॅडम समोर उभ्या राहून पान एकसष्टवरची मापं वाचत होत्या. छाती, कंबर, पाठीची लांबी. “डावा खांदा, उजव्यापेक्षा...” इथे त्यांचा आवाज अडला. पण तीस पेन्सिली थांबल्या होत्या, वाचणं भाग होतं. “दीड इंच खाली.”

मुलींनी आखलं, कापलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने कापलेला कागद उचलून धरला. पलीकडे मॅडम उभ्या होत्या, कुणा दुसऱ्याने शिवलेल्या कोटात, ज्यात खांदा उचललेला नव्हता. मुलीने कागदाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू सगळ्या वर्गात पसरलं. मॅडमचा हात खांद्यावर गेला. मावशी हाताची घडी घालून बसली होती, आणि इतकी तृप्त मी तिला कधी पाहिली नव्हती.

दारात मॅडम एवढंच म्हणाल्या, “बारा वर्षं तुमच्याकडून शिवून घेत होते मी.”

“आणि बारा वर्षं कुणाला कळलं नाही,” मावशी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गोष्ट घरोघरी गेली. आता गिऱ्हाइकं धावत येतील, असा माझा अंदाज. आली ती शेजारीण. म्हणाली, “ताई, वहीतलं माझं पान तेवढं फाडून देता का? काही नाही, आपलं उगाच.” मावशीने दिलं. मग दुसऱ्या मजल्यावरची आली, मग शाळेतल्या बाई, मग लायब्ररीवाली. मावशी प्रत्येकीचं पान पट्टी लावून नीट फाडायची आणि हातात द्यायची. महिन्याभरात जाडजूड वहीचे दोन पुठ्ठेच उरले.

“गेल्या तर गेल्या,” ती म्हणते. “नाव छापलंय ना माझं?” तिला पश्चात्ताप नाही, आणि तो व्हावा असं मलाही वाटत नाही. मॅडमची तीच लायकी होती.

गेल्या महिन्यात मला नवा कोट हवा होता. मी तो बाजारातल्या टेलरकडे टाकला. माझ्यात लपवण्यासारखं फार काही आहे असं नाही. पण मनात आलं, उद्या आमचंच बिनसलं तर?

परवा तोच अंगात घालून तिच्याकडे गेले, भानच राहिलं नाही. तिने दारातच माझ्या बाहीची शिलाई दोन बोटांत धरून पाहिली. कुणी शिवला ते विचारलं नाही. “ये आत,” म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.