मुळशीत नकाशा चुकतो ते अंगण

बावधनहून मुळशी म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी जाऊ जाऊ म्हणता वर्ष सरतं. या शनिवारी मात्र तळ्याकाठच्या बाळूभाऊंकडे खोली सांगितली आणि निघालोच. भुकूमपर्यंत मजेत गेलो. पिरंगुटला कंपन्यांची पाळी सुटलेली, तिथे गाडी मुंगीच्या गतीने. पौडला पोटभर खाऊन घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही.

मंदारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, बायकोपेक्षा फोनमधल्या नकाशावर जास्त विश्वास. त्या नकाशाने आम्हाला टेकाडावरच्या एका अंगणात नेलं आणि 'पोहोचलात' म्हणून जाहीर केलं. तळं पार खाली. समोर भात वाळत घालणाऱ्या एक काकू.

"बाळूकडं आलाय न्हवं? त्यो खाली ऱ्हातो, पान्याजवळ. बसा, च्या टाकते."

"असे चुकून बरेच येतात का?" मी विचारलं.

"दर शनवारी. खाली रेंज न्हाई. नकाशात जागा दावायला बाळू आमच्याच ओट्यावर फोन घिऊन बसला व्हता. धाकला दीर हाय माजा."

चहा झाल्यावर काकूंचे यजमान, आबा, रस्ता दाखवायला उठले. गुडघा आखडलेला, तरी काठी टेकत गाडीपुढे चालले. बाळूभाऊंचं फाटक दिसलं, तसे तिथूनच माघारी फिरले.

सामान उतरायच्या आत बाळूभाऊंचा प्रश्न, "दादानं आनून सोडलं व्हय? गुडघा कसा हाय त्याचा?"

"तुम्हीच विचारा की," मंदार म्हणाला.

"विहिरीच्या पान्यावरनं बोलनं बंद हाय आमचं."

खोली साधी, स्वच्छ. जेवणासकट दर माफक. इंद्रायणीचा वाफाळता भात आणि गावठी कोंबडीचा रस्सा. मी लाज सोडून जेवले.

सकाळी मंदार म्हणाला, "भाऊ, नकाशातली जागा दुरुस्त करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"समदेच म्हंत्यात. करू की सवडीनं," म्हणत बाळूभाऊ आत गेले आणि सांध्यांना चोळायच्या करंजाच्या तेलाची बाटली घेऊन आले. "वर वैनीच्या हातात द्या. माजं नाव घिऊ नका."

काकूंनी बाटली पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. नाव घ्यावं लागलंच नाही.

घरी पोहोचल्यावर फोनने विचारलं, ठिकाण बरोबर जागी होतं का? मंदारचं बोट 'नाही'कडे निघालं होतं. मी फोन काढून घेतला आणि 'हो' दाबलं.

तुम्ही जाणार असाल तर नकाशा नेईल तिथेच जा. चहा घ्या, आणि आबा चालतात कसे ते नीट बघून ठेवा. खाली विचारतील.