दिवेलागणीचा विस्तव

सगुणाकाकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. राहिलेल्या दोन्ही थापल्या, भाजल्या, तवा उतरवला, मग उठले. रडू आलं नाही. आज महिना झाला, अजून आलेलं नाही...

काकू कोपरीच्या, लहानपणीच विधवा होऊन कल्याणला भावाच्या घरी आलेल्या. आमच्या आळीत रेल्वेच्या नोकरीपायी कुठकुठल्या मुलखांतून बिऱ्हाडं येत. मी धारवाडची, मराठीचा गंध नाही. पहिल्याच दिवशी काकू खापरात विस्तव घेऊन आल्या, माझी चूल पेटवली आणि जाताना माझी काडीपेटी उचलली. "ही असली तर तू दार लावून बसशील. उद्यापासून विस्तव मागायला चार घरं हिंड." मला शब्द कळले नाहीत, काडीपेटी गेली एवढं कळलं. फार राग आला होता. पण विस्तव मागता मागता मला घरं कळली, माणसं कळली, भाषाही आली.

एकदा मात्र चूल विझली ती दिवेलागणीला. तीन दारांतून मला हात हलवत परत पाठवलं. मी काकूंच्या ओसरीवर बसून माहेरी जायचं म्हणून रडले.

"तिन्हीसांजेला विस्तव मागतात का गं वेडे? घरातली लक्ष्मी कोण बाहेर देईल?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्याच चुलीतला निखारा खापरात घातला. "माझ्या घरातून आता जायचं काय राहिलंय? घे."

त्यानंतर आलेल्या प्रत्येकीकडे काकू गेल्या. यंदा तापाने अंथरूण धरलं तेव्हा मंगळवारी मला म्हणाल्या, "मागच्या खोलीत तेलंगी बाई आली आहे. तिच्याकडे जाऊन ये." घरी पापडांचं पीठ भिजवलेलं होतं. "उद्या जाते हं काकू," मी म्हटलं. बुधवारी गेले नाही. गुरुवारी काकू गेल्या. त्यांच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून भाचा पुढे चालला, तेवढं मला नीट आठवतं. त्यापुढचं त्या दिवसाचं काही आठवत नाही.

रविवारी दिवेलागणीला दारात एक बाई उभी राहिली. हातात कडेचा टवका उडालेलं खापर. ते मी कुठेही ओळखलं असतं.

"हे तुला कुणी दिलं?"

"काकू." बोटावर दिवस मोजून तिने बुधवार सांगितला, काकू भिंत धरून कशा आल्या ते करून दाखवलं, मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "काडीपेटी काकू नेली. विस्तव राखेत झाकून ठेवला. आज विझला."

मी गेले नाही म्हणून काकू स्वतः हिच्याकडे गेल्या होत्या. तापात, भिंत धरधरून. आणि त्यांची चूल गार पडल्यावरही तीन दिवस त्यांचा विस्तव या बाईने जपला होता. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

तिन्हीसांज झालीच होती. मी चुलीतला मोठा निखारा निवडून तिच्या खापरात घातला.

काकूंच्या कोनाड्यात तिची काडीपेटी सापडली, शेजारी माझीही, इतक्या वर्षांची, सादळलेली. दोन्ही घरी आणल्या. तिची तिला अजून दिलेली नाही. सकाळी ती खापर घेऊन येते, तेव्हा मी तिला पुढच्या घराचं दार दाखवते.