अक्काचा अर्धा वर्ग

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. भाचा म्हणाला, "मामा, आई गेली," आणि मला पहिल्यांदा हायसंच वाटलं... वाईट वाटायला नंतर वेळ लागला. उभं आयुष्य परळीच्या एका दवाखान्यात अडकलेली माझी थोरली बहीण अखेर कुणाला न विचारता निघाली होती. गावाला ती निर्मला सिस्टर, मला अक्का.

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल येत होती आणि माझं व्हिडिओ सेंटर डबघाईला आलं होतं. नेमका तेव्हाच अक्काने नर्सिंगचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम घेतला. पुस्तकं टपालाने यायची, धडे व्हिडिओ कॅसेटवर, आणि वर्षातून काही दिवस औरंगाबादला प्रत्यक्ष वर्ग. पास झाली की ती नर्सिंगच्या शाळेत शिकवायला जाणार होती, वॉर्डातून कायमची सुटणार होती. व्हिडिओ घरी कुठला? दुपारी ड्युटी संपली की पांढऱ्या साडीत तशीच ती सेंटरवर यायची, मी धडा लावायचो. एकदा बाळंतपणाचा धडा चालू असताना दोन गिऱ्हाइकं नव्या पिक्चरच्या आशेने आत डोकावली आणि आल्या पावली पळाली. अक्का हसली नाही. म्हणाली, "ह्या डब्याला शंका विचारावी तर बोलत न्हाई. तुला तरी काय कळतंय का रे?" मला काय कळणार, कप्पाळ!

वर्गाहून आली की मात्र आठवडाभर तिचा चेहरा वेगळाच असायचा. शेवटच्या दिवशी तिथल्या सरांनी विचारलं होतं, टपाल, कॅसेट आणि वर्ग असं मिळून शिकताय, समाधानी आहात ना? सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का म्हणाली, "वर्गात हाय समाधानी, सर. इथं बसलं की कुणी उठवत न्हाई."

शेवटच्या वर्षी वर्गाची हजेरी चुकली तर ते वर्षच बाद होणार होतं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. ती डब्यात बसलीसुद्धा, आणि दवाखान्याची जीप आली. आसपासच्या गावांत गॅस्ट्रोची साथ, सुट्टी रद्द. मी म्हणालो, "उतरू नको अक्का. बघून घेतील त्यांचं ते."

"माणसं मरतेत रे तिकडं... सरक."

ती उतरली. साथ आटोक्यात आली, दवाखान्याच्या साहेबांनी शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. पुढच्या वर्षी तिने वर्गासाठी पुन्हा सुट्टी मागितली, तर तेच साहेब म्हणाले, तुमच्यासारखी सिस्टर सोडायची तरी कशी? चांगलं काम केल्याची ही शिक्षा. मला त्या माणसाचा अजून राग येतो. अभ्यासक्रमाची मुदत संपली आणि अक्का निवृत्त होईपर्यंत त्याच वॉर्डात राहिली.

निवृत्तीनंतरही कुणी दार वाजवलं की ती आधी पायात चपला सरकवायची, मग विचारायची, "कोण हाय? काय होतंय?" चपला खाटेखाली, दाराकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे उठलं की पाय थेट त्यांत. परवा तिच्या खोलीत गेलो तर त्या तशाच होत्या, निघायच्या तयारीत. मी खाली बसलो आणि त्या भिंतीकडे फिरवून ठेवल्या.