विनिताचा कोरा फॉर्म

विनिताला मी ओळखत होतो असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. कोळीवाड्यातल्या चंदर तांडेलांची मुलगी, संगणकाचं काम करते, एवढंच ठाऊक होतं. माझी वाडी त्यांच्या घरामागे. बारा वर्षांत आम्ही बोललो ते दोनदा, दोन्ही वेळा त्यांच्या कौलांवर पडलेल्या माझ्या नारळाबद्दल.

जुलैअखेरीस एका दुपारी ती दारात आली. मला वाटलं, तब्येतीची चौकशी करायला आली.

"आबा, गावातला सगळ्यात जुना फोन तुमच्याकडं हाय ना?"

आहे म्हणालो आणि थोडा हिरमुसलो.

मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी निघणाऱ्या होड्यांची नोंद मच्छीमार सोसायटीने यंदा फोनवरून मागवली होती. फॉर्म विनितानं बनवलेला. त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत नोंद नाही, तर होडी किनाऱ्यावरच. तिच्या लॅपटॉपवरून फॉर्म नीट जाई. होड्या चालवणाऱ्या तांडेलांच्या जुन्या फोनांवरून मात्र कोरा पोचे, आणि सर्व्हर कळवी, 'फॉर्म वाचता येत नाही.'

माझा फोन घेऊन ती ओटीवर बसली.

"तांडेलाचं नाव, मार्तंड. होडी?"

"मला पोहताही येत नाही गं."

"ते फॉर्मात विचारलं न्हाय. खलाशी?"

"मांजर आहे एक."

तिनं मांजर लिहिलं. कोरा. सहा वेळा कोरा. सातव्या वेळी होडीचं नाव मीच सांगितलं, गोदावरी. माझ्या बायकोचं. तिला बोट लागायची.

तोही कोराच. मग विनितानं लॅपटॉपवर कोड उघडला आणि स्वतःलाच एक शिवी दिली. नव्या धाटणीचा कोड जुन्या फोनला कळत नाही, म्हणून एक प्रोग्राम तो जुन्या धाटणीत उतरवून देतो, असं तिनं सांगितलं. फाइल लहान व्हावी म्हणून त्याचं सेटिंग तिनंच ढिलं ठेवलं होतं.

"आई टोपली ओतून एकेक मासा बघून वाटा लावते ना? मी तसंच लिवलेलं, फॉर्ममधून एकेक नोंद काढ. या शहाण्यानं उतरवताना टोपलीच फळीवर ठेवली. म्हणे, हा एक मासा."

सेटिंग बदललं. आठव्या वेळी उत्तर आलं: तांडेल मार्तंड, होडी गोदावरी, खलाशी मांजर, नोंद मिळाली. तिनं ती लगेच पुसली. मला उगाच वाईट वाटलं.

कोरे गेलेले फॉर्म परत भरून घ्यायचे होते. साडेतीन वाजले होते. ती एकेकाला फोन लावत सुटली. चंदररावांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"चौथ्यांदा भरतोय, पोरी. तुझ्या फॉर्मापेक्षा वादळ बरं."

"बाबा, तुमचाच ऱ्हायलाय. चष्मा लावा."

पाचला चार मिनिटं असताना छत्तिसावी, शेवटची होडी यादीत आली. चंदररावांची.

महिन्याभरात विनिता नोकरीसाठी नवी मुंबईला गेली. नंतर भेट नाही. त्या दिवशी निघताना ती चपला घालत होती, तेव्हा मी विचारलं,

"चहा टाकू?"

"नको आबा, चेअरमनला यादी दाखवते आधी."

"बरं. फाटक ओढून घे, गुरं शिरतात."

"घेते."