पी.पी. नंबर

मी तशी शंकेखोर बाई आहे. आमच्याकडे कोणाच्या अंगात आलं की मी आधी त्या बाईच्या सुनेचा चेहरा बघते, म्हणजे खरं कारण कळतं. त्यामुळे हे मी लिहितेय यावर घरात अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. पण जे झालं ते झालं...

मी जळगावात शिलाई मशीन विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. धुळे, अमळनेर, चोपडा अशा आमच्या शाखा. गेल्या वर्षी मालकांनी जुनं सॉफ्टवेअर बंद करून मोठी नवी सिस्टिम घ्यायची ठरवली आणि जुन्या ग्राहकांची माहिती तिच्यात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्याचे सल्लागार रोज कॉलवर एकच सांगायचे - एका मोबाइलला एकच ग्राहक. नंबर दुसऱ्यांदा आला की सिस्टिम ती नोंद परत फेकणार.

आणि अमळनेर शाखेच्या नोंदी ढिगाने परत आल्या. कारण साधं होतं. पूर्वी गल्लीत एखाद्याच घरी फोन असायचा. बाकीच्या बायका मशीन घेताना त्याच घरचा नंबर द्यायच्या आणि पुढे 'पी.पी.' लिहायच्या. म्हणजे फोन शेजारी करा, ते बोलावून देतील. नव्या सिस्टिममध्ये शेजार नावाची गोष्टच नाही. पुण्याचा मुलगा म्हणाला, नोंदी उडवून टाका. आमचे साहेब म्हणाले, नाही, प्रत्येक नंबर लावून बघा आणि मगच उडवा.

त्या परत आलेल्या नोंदींत एक नंबर सारखा दिसत होता. तो आमचा होता. आमच्या अमळनेरच्या घरचा.

आमच्या गल्लीतला पहिला फोन आमच्याकडे आला होता. तो वाजला की आई हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची आणि ज्याचा फोन असेल त्याला हाका मारत जायची. समोरचा माणूस बाहेरगावाहून पैसे मोजून बोलतोय, त्याला ताटकळत ठेवायचं नाही, हा तिचा नियम. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोनचं यंत्र मी स्वतः एक्सचेंजमध्ये जमा करून आले होते. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे.

खरं सांगू? तो नंबर लावावा असं मला आधीही कितीदा वाटलं होतं. पण बंद नंबर लावणं म्हणजे वेडेपणा. आता कामच होतं, कोण हसणार होतं? नोंद सुमन पाटील यांची होती. सुमनआक्का आमच्या शेजारच्या, गल्लीतल्या सगळ्यांचे ब्लाउज त्याच शिवायच्या. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. समोरच्या टेबलावर शबाना बिलं लावत बसली होती. मी ऑफिसच्या लँडलाइनवरून नंबर फिरवला.

रिंग वाजली. मग उचलला.

"हॅलो... कोन जोयजे?"

कोण पाहिजे, हे आई असंच अहिराणीत विचारायची. सकाळपासून तेच तेच बोलून तोंडाला सवय झाली होती, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, सुमन पाटील आहेत का?

"थांबा हां, बोलावस."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दाराची कडी वाजली. आणि लांब लांब जाणारी हाक - सुमनआक्का, वो सुमनआक्का... तेव्हा कुठे मी रिसीव्हरमध्ये ओरडायला लागले. आई, आई, मी किती वेळ म्हणत राहिले ते शबानाला विचारा. तिने पाणी आणलं तेव्हा लाइन गेलेली होती. परत लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही, अशी रेकॉर्ड केलेली बाई बोलली. मग कितीही वेळा लावला तरी तीच.

चुकीचा नंबर लागला असेल, कोणी दुसरी बाई असेल, असं मी स्वतःला बजावलं. रविवारी एसटी पकडून अमळनेर गाठलं. आक्का आता थकल्या आहेत, पुतण्याच्या संसारात असतात, पण घर तेच, आमच्या शेजारचं. मी नुसतीच टेकले. फोनचं एक अक्षर काढलं नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि आक्काच हळू आवाजात सांगायला लागल्या. या आठवड्यात एका दुपारी त्यांचा डोळा लागला होता, तर बाहेरून माझ्या आईची हाक आली. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या आमच्या दारापर्यंत गेल्या. कुलूप बघून ओशाळल्या आणि परत आल्या. घरात कोणाला बोलल्या नाहीत, म्हातारीला भ्रम झाला म्हणतील.

मी म्हटलं, आक्का, झोपेत भास झाला असेल.

"तुन्ही मायना आवाज मी वळखत नही का?" आक्का जरा रागावूनच म्हणाल्या.

आई हाक मारताना फोन कुठून आलाय तेही सांगायची. माहेरचा, दवाखान्याचा, मुंबईचा, म्हणजे माणूस त्या तयारीने यायचा. मी घाबरतच विचारलं, कोणाचा फोन म्हणाली?

आक्कांनी माझा हात धरला.

"म्हने, आक्का, लवकर चाल. मन्ही पोरना फोन शे."

माझ्या पोरीचा फोन आहे, असं आई म्हणाली होती. आणि मी तर फोनवर माझं नाव सांगितलं नव्हतं. आक्कांच्या नोंदीत पुतण्याचा मोबाइल टाकला, ती सिस्टिमने मुकाट घेतली. बाकीच्याचं उत्तर कोणी शोधून दिलं तरी मला फारसं नको आहे. माझा आवाज तिने ओळखला होता. मग शेजारणीला बोलवायला जायच्या आधी माझ्याशी दोन शब्द का नाही बोलली, एवढंच मला तिला विचारायचं आहे.