आईच्या काठीला बूच

मी एका हॉटेलात वेटर आहे. लोकांच्या वाइनच्या बाटल्या उघडण्यात हयात गेली, स्वतः मात्र थेंबही चाखला नाही. पण बाटलीचं बूच कचऱ्यात टाकायचं म्हटलं की माझा जीव तुटतो. घरी परतताना खिसे बुचांनी फुगलेले असतात. रस्त्यातल्या ओळखीच्यांनी माझ्याबद्दल काय समजायचं ते समजून घेतलंय.

घरात आई आणि मी, दोघंच. आमच्याकडे गरम पातेली बुचांच्या चकत्यांवर टेकतात, सुरीचं टोक बुचात खुपसलेलं असतं, झाकणांच्या मुठीही बुचांच्याच. एकदा बुचं ओवून मी पायपुसणं केलं आणि त्यावरून पहिला मीच घसरलो.

"तूच पडलास ते बरं झालं," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाची माफी मागायला नको."

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. मी कामावर असताना आईला काही लागलं, तर तिने काठीने जमीन ठोकायची आणि बाईंनी वर यायचं, असं ठरलंय. ही अक्कल माझीच, त्यामुळे पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

एकदा बाई जिन्यात म्हणाल्या, "दादा, खुर्च्या जरा उचलून सरकवाल का? झोपमोड होते."

मला आयतंच निमित्त मिळालं. सुट्टीच्या दिवशी मी खुर्च्या, टेबल, स्टूल, सगळ्यांच्या पायांना चकत्या चिकटवल्या. तरी हात शिवशिवतच होते, म्हणून आईच्या काठीच्या टोकालाही एक अख्खं बूच घट्ट बसवलं. आई घरभर चालून आली, हूं की चूं नाही. आता बाई आभार मानायला वर येणार, म्हणून मी बाहेरचे कपडे घालून बसलो. त्या आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात दुपारी घरी आलो, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. पडलेला चमचा उचलायला वाकली आणि बसली ती बसलीच, गुडघे उठू देईनात. लागलं काही नव्हतं, पण डोळे भरलेले.

"केव्हाची ठोकतेय," ती म्हणाली. "कुणी येतच नाही रे."

मी तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि बाईंना बोलवायला धावलो. त्यांनी वर येऊन आईचे गुडघे बघितले, नाडी बघितली. मग काठी उलटी करून माझी कारागिरी बघितली आणि काठी माझ्या हातात दिली.

मी खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला. रोजचं काम, पण हे बूच निघता निघेना.

"तुमची झोप मोडू नये म्हणून लावलं होतं," मी पुटपुटलो.

"कसली झोप, दादा," बाई म्हणाल्या. "आठवडाभर सारखी दचकून उठतेय. आजींच्या काठीचा आवाजच येत नव्हता."