दापोलीची हार आणि पोफळीची ढाल

रत्नागिरीहून आमची गाडी निघाली तेव्हा ऊन नुकतंच नारळीच्या शेंड्यांवर आलं होतं आणि मागच्या सीटवर बुटांच्या पिशव्या कुठे ठेवायच्या यावरून वाद पेटला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी आमचे क्रीडाशिक्षक काझी सर, त्यांच्या मांडीवर बॉलची जाळी, आणि मधे मी, पाण्याच्या बाटल्यांच्या गराड्यात. फुटबॉलच्या टीमबरोबर मी आयुष्यात पहिल्यांदाच प्रवास करत होते.

माझ्या कोल्हापूरच्या मंडळींना हे वाचून हसू येईल. फुटबॉल म्हणजे तुमच्या तालमींचे संघ, तुमचे पेठेपेठेतले झेंडे. मी त्याच पेठेत वाढले. पण सामन्याला आम्ही मुली कधी गेलो नाही. भाऊ संध्याकाळी घसा बसवून घरी यायचा आणि जेवताना सांगायचा, तेवढाच माझा फुटबॉल. पुढे नोकरीमुळे रत्नागिरीला आले, इथल्या कॉलेजात मराठी शिकवू लागले, आणि या हिवाळ्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, मुलींच्या टीमबरोबर एक बाई लागते. तुम्ही जा."

मुलींची टीम आमच्या कॉलेजात नवीनच. मागच्या वर्षी अकरा जणी जमल्या नाहीत म्हणून नाव मागे घ्यावं लागलं होतं. यंदा काझी सरांनी कबड्डीतल्या दोघी, लांब उडीतली एक, अशा गोळा करून संघ उभा केला. कर्णधार तक्षशिला जाधव, शाळामास्तरांची मुलगी, बचावात खेळणारी, कमी बोलणारी. गोलकीपर सानिका, जयगडची. तिचे वडील तांडेल (मच्छीमार होडीचा प्रमुख), आई मासे विकते. सानिका उंच, हसरी, आणि गाडीत सगळ्यांत मोठ्याने गाणारी.

जिल्ह्यातल्या कॉलेजांची ही साखळी स्पर्धा, म्हणजे एक हरलं तरी बाहेर पडायचं नाही. पहिला सामना दापोलीला. दापोलीला रेल्वे जात नाही. हमरस्त्याने गेलं तर चिपळूण, खेड करत मोठा वळसा. आम्ही किनाऱ्याचा रस्ता धरला. वाटेत सडा लागतो (जांभ्या दगडाचं उघडं पठार), त्यावर वाळलेलं सोनेरी गवत आणि मधेच आंब्याच्या बागा. मग एकदम उतार, खाली जयगडची खाडी, आणि एका बाजूला मालवाहू बंदराच्या अजस्र क्रेन. गाडी फेरीबोटीत चढेपर्यंत सानिकाची आई धक्क्यावर येऊन उभी होती. हातात केळीच्या पानात बांधलेली घावनं, अजून गरम.

"खावा गो सगल्यांनी," ती म्हणाली. "आणि जिकून या."

फेरी सुटली. मुली कठड्याशी उभ्या राहून घावनं खात होत्या, घारी पाण्यावर घिरट्या घालत होत्या. पलीकडे तवसाळ, मग गुहागर, मग धोपाव्याला पुन्हा फेरी आणि पुढे दाभोळचा चढ. दापोलीत शिरलो तेव्हा हवा थंड झाली होती. रस्त्यावर सगळीकडे विद्यार्थी, रोपवाटिकांच्या पाट्या, सुपारीच्या रांगा.

सामन्याबद्दल काय सांगू? आम्ही हरलो. आणि ज्या रीतीने हरलो, ते पोरींना जास्त लागलं. शून्य-शून्य चाललेलं असताना दापोलीच्या लांब वेणीच्या एका मुलीने लांबून बॉल मारला. जोरातही नव्हता. सानिका वाकली, आणि बॉल तिच्या हातांखालून, दोन पायांमधून आत गेला. कडेला बसलेली मुलं खदाखदा हसली. कुणीतरी ओरडलं, "दरवाजा उघडा राहिला!" सामना संपेपर्यंत तो शब्द मैदानावर घुमत राहिला.

परतताना गाडीत गाणं नव्हतं. त्यात गुहागरच्या पुढे टायर बसला, आणि काढून बघतो तर जादाच्या टायरमध्येही हवा नाही. काझी सर एका मोटारसायकलवाल्याच्या मागे टायर मांडीवर घेऊन पंक्चरवाला शोधायला गेले. आम्ही रस्त्याकडेच्या काजूखाली बसून राहिलो. सानिका लांब जाऊन पाठमोरी बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. तिने तो उचलून मुकाट्याने माझ्या हातात दिला.

"उशीर झाला ना? मग आता जेवल्याबिगर जायाचं नाय," पलीकडून हुकूम आला. "भात टाकलाय."

सानिका माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. पण भुकेल्या मुलींची गाडी कोण पुढे नेणार? दिवेलागणीला आम्ही जयगडच्या त्यांच्या खळ्यात (अंगणात) पंगत करून बसलो. बांगड्याचं तिखलं, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. वडील समुद्रावर गेले होते. आई वाढता वाढता थांबली.

"कोनी सांगितलं नाय. जिकलाव काय?"

 मग सानिकाच म्हणाली, "हरलो. माझ्यामुळे. मी आता खेळणार नाय, आये. सर दुसरी कोन बघतील."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी तक्षशिला बोलली. हातातला घास खाली ठेवून, शांतपणे.

"काकू, तो बॉल मारणाऱ्या मुलीला मी अडवायला हवं होतं. ती माझ्या समोरून गेली. गोल माझ्यावरून झाला. लोक हसले सानिकावर, कारण शेवटी ती उभी होती."

"मग मी पन," कबड्डीतली एक म्हणाली. "मी तर तेव्हा बुटाची नाडी बांधत होते." यावर एकदम हशा पिकला. दिवसभरातला पहिलाच. सानिका हसली नाही, पण तिने पुढची भाकरी घेतली. तिच्या आईने ते पाहिलं आणि तिच्या ताटात अजून एक बांगडा वाढला.

दुसऱ्या दिवशी सरावाला ती येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. मी मुद्दाम मैदानावर गेले. आली होती. काझी सरांनी तिला काही विचारलं नाही. एकेक मुलगी लांबून हलके हलके बॉल मारत होती, अगदी दापोलीसारखे, आणि ती गुडघा जमिनीला टेकवून तो अंगाशी घेत होती. पुन्हा, पुन्हा. आमचं मैदान म्हणजे सड्यावरची लाल खडी. संध्याकाळी तिचे दोन्ही गुडघे सोललेले असायचे. खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

पुढचे सामने रत्नागिरीत झाले आणि ते आम्ही जिंकत गेलो. एक भातखाचरातल्या चिखलणीसारखा रडतखडत, एक अगदी झोकात. पहिल्या विजयाला कडेला मी आणि कॉलेजचे शिपाई एवढेच होतो. शेवटच्याला वर्ग रिकामे झाले होते. स्टाफरूममध्ये गणिताचे सर मला विचारू लागले, "मॅडम, आपली सानिका बरी आहे ना?" 'आपली' हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. दापोलीनंतर एकही गोल न खाता आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर पुन्हा दापोली.

अंतिम सामना पोफळीला होता. चिपळूणहून आत, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी हे गाव. कोयना प्रकल्पाचं वीजघर इथे डोंगराच्या पोटात आहे आणि बाहेर कर्मचाऱ्यांची वसाहत, सरळ रस्ते, मोठी झाडं. किनाऱ्यावरच्या मुलींना थंडीचं कौतुक. सगळ्या तोंडातून वाफा काढून दाखवत होत्या. कॅन्टीनमध्ये मिसळ आणि चहा घेऊन मैदानावर गेलो आणि सगळ्याच थबकल्या. हिरवंगार गवत होतं.

"मॅडम, इथे पडलं तर लागनार पन नाय," सानिका म्हणाली आणि खरोखरच आडवी होऊन लोळली.

पण डोंगरावरून धुकं उतरलं होतं आणि हलायला तयार नव्हतं. पंचांनी बराच वेळ वाट पाहिली. अखेर मैदानाचा मधला भाग दिसू लागला तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली. मी सानिकाच्या गोलमागे जाऊन उभी राहिले. आणि तिथे मला सानिकाची आई सापडली! पहाटेची एसटी पकडून, दोन गाड्या बदलून आली होती. डोक्याला स्कार्फ, हातात डबा.

"हितून दिसताय काय?" तिने विचारलं.

"नाही हो. पलीकडचा गोल तर अजिबात नाही."

खरंच काही दिसत नव्हतं. समोर पांढरा पडदा, त्यातून बुटांचे आवाज, काझी सरांच्या हाका, मधेच एखादी मुलगी धावत बाहेर यायची आणि पुन्हा आत विरायची. सानिका गोलपट्टीवर पुढेमागे करत होती. मग पलीकडे एकदम गलका झाला. गोल झाल्याचाच गलका. पण कुणाचा? सानिका आमच्याकडे वळून बघू लागली. आम्ही तिच्याकडे. मैदानाच्या त्या टोकाला आम्हीच हल्ला करत होतो, म्हणजे आमचाच असणार, हे त्या क्षणी तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही! तेवढ्यात धुक्यातून तक्षशिला येताना दिसली. कधीच न ओरडणारी ती मुलगी दोन्ही हात पसरून ओरडत येत होती. कॉर्नरवरून आलेला बॉल तिच्या गुडघ्याला लागून आत गेला होता. ती थेट सानिकाच्या गळ्यात पडली. "आता तू," एवढंच म्हणाली आणि परत धावली.

उत्तरार्धात ऊन पडलं. धुकं उठलं, डोंगर उघडे झाले आणि दापोलीचा संघ आमच्यावर तुटून पडला. सानिका आता दुसऱ्या टोकाला होती. आम्ही दोघी कडेकडेने पळत तिकडे गेलो, डबा हिंदकळत. एक बॉल तिने उडी मारून बाहेर ढकलला. एक पायाने अडवला. आणि मग शेवटी शेवटी ती लांब वेणीची मुलगी मोकळी सुटली. जवळ यायच्या आतच तिने मारला, जमिनीलगत, सरळ. या वेळी चांगलाच जोरात. तक्षशिला पाय घालायला धावली, पोचली नाही. माझ्या तोंडून काय निघालं मला आठवत नाही. सानिकाने गुडघा टेकवला, बॉल छातीशी घेतला, त्याच्यावर पालथी पडली आणि तशीच पडून राहिली.

शिट्टी वाजली तेव्हा सगळ्या मुली धावत जाऊन तिच्यावर पडल्या.

"हिने तं गोल केलान नाय," आई मला म्हणाली. "मग सगली हिच्याच अंगावर का पडलीत?"

"काकू, तिने केला नाही, पण होऊही दिला नाही. तिच्यामुळे जिंकलो आपण."

"हां!" तिने स्कार्फ सोडून डोळे पुसले. "मग पडू देत."

ती लांब वेणीची मुलगी रडत होती. सानिका ढिगाऱ्यातून बाहेर आली, तिच्याजवळ गेली, हात पुढे केला. त्या दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, पण दापोलीची ती मुलगी रडता रडता हसली. मग बक्षीस समारंभ झाला. ढाल तक्षशिलाने घेतली आणि व्यासपीठावरून उतरताच सानिकाच्या आईच्या हातात ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि फोटोसाठी इतकी ताठ उभी राहिली की फोटो काढणाराच म्हणाला, "मावशी, हसा थोडं." काझी सर एका बाजूला जाऊन बराच वेळ चष्मा पुसत होते.

माझा बेत मात्र वेगळा होता. पोफळीवरूनच कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आणि तिथून कोल्हापूरला जाता येतं. पुढे दोन दिवस सुट्टी होती आणि भाऊ स्टँडवर न्यायला येणार होता. घाटाच्या फाट्यावर आमची गाडी थांबली. मुलींनी माझी बॅग खाली दिली. वर जाणारी एसटी समोर वळणावर दिसत होती. मागे गाडीत सानिका पुन्हा गाऊ लागली होती, तिची आई खिडकीशी ढाल मांडीवर घेऊन बसली होती, आणि रत्नागिरीत कॉलेजच्या फाटकापाशी पोरं ढोल घेऊन जमली आहेत असा निरोप काझी सरांना नुकताच आला होता.

मी भावाला फोन लावला. "आज येत नाही रे."

"का? काय झालं?"

"फायनल जिंकलो आम्ही. पोरींबरोबर परत जातेय."

 लहानपणी मैदानावरून येऊन मला सामना ऐकवणारा माझा भाऊ. आता तोच म्हणाला, "थांब, नीट सांग. पहिल्यापासून. गोल कुणी मारला?"

एसटी समोरून घाटाकडे निघून गेली. मी बॅग उचलून गाडीत चढले आणि त्याला सांगत राहिले. चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं, रत्नागिरीकडे वळणारा हातखंब्याचा फाटा आला, तरी माझं सांगणं संपलं नव्हतं.